निळीचा माठ आणि उलटी नदी

"थाप अशी हवी, की ऐकणाऱ्याच्या हातातला घास हातातच राहिला पाहिजे."

हे वाक्य अनुलाने ऐकावे अशी कोणाचीच इच्छा नव्हती. ती वाळत घातलेल्या कापडांच्या मागे सारवणाची पाटी घेऊन उभी होती. पलीकडे तिच्या सासरची तीन माणसे, खोटे कसे बोलावे याचा अगदी मन लावून विचार करीत होती.

पूर्वी श्यामा नदीच्या काठी श्यामतीर्थ नगरात सुतेज नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या घाटावर वेणुक नावाचा नावाडी होऊन राहत होता. त्याने सत्तरी ओलांडली होती आणि चाळीस वर्षे तो लोकांना पैलतीरी नेत होता. त्याच काळी नगराच्या नीळआळीत नीलक नावाचा रंगारी होता. अनुला त्याची सून. नदीपलीकडच्या गवळ्याची ही मुलगी लग्न होऊन सव्वा महिना झाला तरी सासरी इतके कमी बोले, की आळीतल्या बायका तिच्याकडे पाणीसुद्धा हाताच्या खुणा करून मागत. ऐकू येत नसावे, असा त्यांचा समज होता. अनुलानेही तो खोडून काढला नव्हता, कारण त्यामुळे तिला पुष्कळ ऐकायला मिळे.

नीळ हा उकळून काढायचा रंग नव्हे. जमिनीत पुरलेल्या माठात ती आंबवावी लागते. टाकळ्याचे बी, गूळ, चुना असे बेताबेताने घालत राहिले, की माठ जिवंत होतो, वर तांबूस झाक असलेला निळा फेस धरतो, आणि आत बुडवलेले कापड हिरवे निघून वाऱ्यावर बघता बघता निळे होते. पण माठ बिघडला की फेस बसतो, पाणी मळकट होते आणि कापड बुडवावे तसेच वर येते. नीलकाचा माठ तसा बिघडला होता, आणि कौमुदी उत्सवाला राजाने शंभर निळी वस्त्रे मागितली होती. पौर्णिमेला दहा दिवस उरले होते.

माठ बिघडल्यावर काय करायचे याची नीळआळीत एक रीत होती. अशा वेळी रंगाऱ्याने एक खोटी बातमी गावात सोडायची. ती गावभर फिरून परक्या माणसाच्या तोंडाने खरी म्हणून परत आपल्या दारात आली, की माठ उठतो. मात्र शेवटचे कापड निघेपर्यंत ती थाप मागे घ्यायची नाही. घेतली, तर माठ कायमचा जातो.

"गेल्या खेपेला आपण राणीला मिशा फुटल्या म्हणून सांगितलं," अनुलाचा नवरा नंदक म्हणाला. "तीन दिवसांत उठला होता."

"राणीवर दर वेळी नको," आत्याबाई म्हणाल्या. नीलकाची ही थोरली विधवा बहीण घर चालवी, आणि आळीत बातमी रचावी तर हिनेच, असा तिचा लौकिक होता. "शिवाय माणसाबद्दल सांगितलं की माणूस येतो आणि नाही म्हणून सांगतो. जे येऊन नाही म्हणू शकत नाही, अशाबद्दल बोलावं."

"म्हणजे कोणाबद्दल, ताई?" नीलकाने विचारले.

आत्याबाईंनी समोर पाहिले. पुढे वाडगेभर आभाळ आणि खाली श्यामा नदी होती.

"येत्या पौर्णिमेला नदी उलटी वाहणार," त्या म्हणाल्या.

कापडामागे अनुलाला हसू आवरेना. तिने पदर तोंडात धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याबाई बाजारात गेल्या, भोपळ्याचा भाव विचारला, उसासा टाकला आणि म्हणाल्या, "घेऊन तरी काय करायचं म्हणा. पौर्णिमेनंतर कोण कुठे असेल." बस्स, एवढेच बोलून त्या घरी परतल्या. उरलेले सगळे भोपळेवालीने केले.

इकडे पहाटे पडवी सारवताना अनुला त्या माठापाशी वाकली. सुनेने वर्षभर माठाला हात लावायचा नाही, अशीही एक रीत होती. पण वास घेऊ नये असे कोणी सांगितले नव्हते. तिने वास घेतला आणि तिला माहेरचे आठवले. कार्तिकात उत्तरेचा वारा सुटला की विरजण असेच हट्टाला पेटे. मग तिची आई दह्याचे मडके भाताच्या कोंड्यात पुरून ठेवी. माठाची पडवी नदीकडून उघडी होती, आणि गेल्याच पंधरवड्यात तिथली आडोशाची बांबूची तट्टी काढून नंदकाने कापड वाळवायला नेली होती. माठ रुसला नव्हता. तो गारठला होता.

हे कोणाला सांगावे? रंगाऱ्याला माठ कसा राखावा हे गवळ्याच्या मुलीने सांगायचे, तेही सव्वा महिन्यात? तिने सांगितले नाही. चुलीवर गरम केलेला कोंडा तिने माठाभोवतीच्या खळग्यात भरला, तोंडावर जुनी वाकळ टाकली, मूठभर गूळ सोडला आणि घरातले उठायच्या आत वाकळ काढून ठेवली. सलग तीन पहाटे तिने हेच केले.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक तेलीण धापा टाकीत दारात आली. "आत्याबाई, ऐकलंत का? नदी उलटी वाहणार आहे. आमच्या बैलाने घाण्याला उलटं फिरायला सुरुवातही केली." आणि त्याच घटकेला पडवीतून नंदकाची हाक आली. माठावर निळा फेस डवरला होता.

आत्याबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. "बघितलंस ना?" त्या भावाला म्हणाल्या. "घास हातातच राहिला पाहिजे, म्हणतात ते हेच." नीलकाने माठाला हात जोडले. अनुलाच्या नखांत कोंडा होता. तिने हात पाठीमागे घेतले.

यापुढचे चार दिवस श्यामतीर्थ नगरात जी धमाल उडाली ती पूर्वी कधी उडाली नव्हती. बैल उलटा फिरला तो खांद्याला गळू झाले म्हणून, पण गळू कोणी पाहिले नाही. एका घरी दूध उतू गेले ते मागच्या बाजूने. एका मेंढपाळाचा एडका पाऊल मागे मागे टाकताना दिसला. धूर नदीच्या वरच्या अंगाला गेला. एका बाईने शपथेवर सांगितले, की वीस वर्षांत पहिल्यांदाच नवऱ्याने तिला एका गोष्टीत विचारले, आणि यावर तर सगळ्यांचाच विश्वास बसला. वरच्या अंगाचे लोक सामान बांधून खाली निघाले, खालच्या अंगाचे लोक वर. वाटेत भेटले, की ते एकमेकांच्या अडाणीपणाला हसत आणि पुढे जात.

लोक घाबरले होते हे खरे. पण अनुला घाटावर कापड धुवायला जाई तेव्हा तिला आणखी एक दिसे. त्यांचे डोळे चमकत होते. ज्यांच्या घरी वर्षानुवर्षे काही घडले नव्हते, त्यांच्या घरी आता रोज काहीतरी घडत होते. सांडलेले पाणी नुसते सांडलेले राहिले नव्हते. म्हातारी माणसेसुद्धा पहाटे उत्सुकतेने उठत, की आज काय उलटे दिसते. खरे सांगायचे तर अनुलालाही मजा वाटत होती. एवढी मोठी गोष्ट, आणि घरच्या त्या तिघांखेरीज तिचे मूळ ठाऊक असलेली ती एकटीच.

ही मजा पौर्णिमेच्या तीन दिवस आधी संपली.

राजाच्या पदरी पिंगल नावाचा शकुनपंडित होता. राजाने त्याला विचारले, नदीच्या मनात असे का यावे? पिंगलाने दोन दिवस घाटावर बसून पाहिले आणि भरसभेत सांगितले, "महाराज, हा वेणुक नावाडी नाव सरळ पलीकडे नेत नाही. आधी काठाकाठाने प्रवाहाच्या उलट वर नेतो, आणि मग सोडतो. चाळीस वर्षं रोज वीस वेळा. नदीला उलटं जायची सवय यानेच लावली. पौर्णिमेच्या सकाळी याला याच्याच नावेत बसवून, नावेला भोक पाडून नदीच्या मधोमध सोडावं. तिचा राग तिथेच निवेल."

प्रवाह खाली ओढतो म्हणून नावाडी आधी वर जातात, हे घाटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पण पिंगलाचे बोलणे ऐकल्यावर, आपल्याला हे आधीच कसे सुचले नाही, असेच सगळ्यांना वाटले. राजाने मान डोलावली. शिवाय दवंडी पिटली गेली: ज्याने कोणी नगरात भय पसरवले असेल, त्याचे घर मुलामाणसांसकट हद्दीबाहेर जाईल.

त्या दिवशी संध्याकाळी जेवताना अनुलाने पहिल्यांदा आपणहून तोंड उघडले. "घाटावरचे आजोबा," ती एवढेच म्हणाली.

"आपण कुठे त्यांचं नाव घेतलं?" नंदक चटकन म्हणाला. म्हणजे तोही तोच विचार करीत होता. "आपण फक्त नदीचं नाव घेतलं होतं."

"अजून एकोणतीस कापडं राहिली आहेत," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "आत्ता थाप मागे घेतली तर माठ जाईल. आणि दवंडी ऐकलीस ना? माठही जाईल, घरही जाईल."

अनुलाने मामंजींकडे पाहिले. नीलक ताटातला भात कालवीत राहिला.

माठ थापेने उठला नाही, हे सांगायला हा क्षण होता. तो तिने जाऊ दिला. आणि मग तिला कळले, की तीन पहाटे गुपचूप कोंडा भरून आपण माठ वाचवला, तशी थापही वाचवली. मदत केली ती न बोलता, म्हणून त्या मदतीची साक्ष दुसऱ्याच गोष्टीच्या बाजूने गेली.

दुसऱ्या दिवशी टाकळ्याचे बी आणायचे निमित्त करून ती नावेत बसली. नदीपार नेणारा दुसरा कोणी नव्हता, म्हणून राजाने बोधिसत्त्वाला पौर्णिमेपर्यंत काम चालू ठेवायची मुभा दिली होती. पहारा म्हणून नेमलेला शिपाई घाटावरच्या सावलीत लाह्या खात होता. त्याला पोहता येत नव्हते.

नाव काठाकाठाने वर निघाली.

"आजोबा," अनुला म्हणाली, "नाव तुमची, वल्हं तुमचं. पलीकडे उतरा आणि चालायला लागा ना."

बोधिसत्त्व म्हणाला, "तसं मीही पाहून ठेवलंय. पण मी गेलो तर पिंगल दुसरा कोणी शोधील. मासे धरणारा, पोहणारा, वरच्या अंगाला तोंड करून आंघोळ करणारा. मी बसलोय तोवर बाकीचे मोकळे आहेत."

मग अनुलाने त्याला सगळे सांगितले. भोपळ्याचा भाव, माठ, कोंडा, एकोणतीस कापडे. एकदा सुरू झाल्यावर ती थांबेना. सव्वा महिन्याचे सगळे बोलणे तिने त्या एका खेपेत बोलून टाकले.

बोधिसत्त्व इतका हसला की नाव डोलली. "मग नीळ चांगली चढली का?"

"चांगली चढली."

"एवढं तरी बरं झालं."

"तुम्ही राजाला सांगा ना, आजोबा. सुटाल."

"मी एकटा सुटेन. नीळआळीतलं घर हद्दपार होईल. त्यात तूही आलीस." त्याने वल्हे पाण्यात रोवले. "हे माझ्या तोंडून बाहेर जाणार नाही. तुला पायजे ते तू कर, पण माझ्यासाठी म्हणून करू नकोस."

अनुला पाण्याकडे पाहत म्हणाली, "आज निघताना माझं जोडवं निसटून पडलं. मला वाटलं, जाऊ नकोस, बोलू नकोस, असंच कोणीतरी सांगतंय."

"लग्नात पाय सुजले होते का?"

"हो. तीन दिवस उभी होते."

"सूज उतरली, जोडवं सैल झालं." बोधिसत्त्वाने पुढे बोट केले. "ती सुरकुती बघ, पाण्यावरची. तिच्याखाली खडक आहे. खुणा मीही वाचतो पोरी, दिवसभर वाचतो. पण ती खूण खडकाची आहे. माझ्या नशिबाची म्हणून वाचली, तर नाव फुटेल."

त्याने नाव जराशी वळवली. खडक बाजूने गेला.

पौर्णिमेच्या सकाळी सगळे नगर घाटावर लोटले. लोकांनी ठेवणीतले कपडे घातले होते. चुरमुरे, लाह्या, उसाचे करवे विकायला आले होते. मुलांना खांद्यावर घेऊन बापलोक जागा धरीत होते. राजा छत्राखाली बसला. नीलकाचे घरही आले होते, नव्याण्णव वस्त्रांचे गाठोडे घेऊन. शंभरावे माठात होते.

बोधिसत्त्व नावेत बसला. सुतार पटाशी घेऊन वाकला, तेव्हा तो त्याला म्हणाला, "डावीकडची फळी जुनी आहे, तिथे पाड. उजवीकडची कोणाच्या तरी कामाला येईल." सुताराने पटाशी खाली ठेवली आणि राजाकडे पाहिले.

"महाराज," पिंगल म्हणाला, "मुहूर्त टळतोय."

अनुला गर्दीत पुढे उभी होती. तिच्या पायांशी पाणी होते. कोणाच्या तरी हातून निसटलेला उसाचा करवा पाण्यावरून खाली, समुद्राच्या दिशेने चालला होता, अगदी सरळ, घाई न करता. हजारो माणसे नदी उलटी होते का पाहायला आली होती, आणि नदीकडे कोणीही पाहत नव्हते. सगळे पिंगलाकडे पाहत होते.

पटाशीचा पहिला घाव पडला. अनुला पाण्यात उतरली.

मागून नंदकाने तिचे नाव घेतले. आत्याबाईंनी तिचा पदर धरला, तो क्षणभर हातात राहिला आणि सुटला. गुडघाभर पाण्यात, नाव आणि गर्दी यांच्या मध्ये ती उभी राहिली, आणि जिला ऐकू येत नाही असे आळीतल्या बायकांना वाटत होते ती नीलकाची सून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

ती बोलून थांबली. मग गर्दीतून नीलक पुढे आला, पाण्यात उतरला, सुनेच्या शेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "महाराज, माझी सून खरं बोलते आहे. थाप माझ्या घरातून निघाली. जायचं तर आम्ही जाऊ. म्हाताऱ्याला उतरवा."

राजाचा चेहरा लाल झाला. त्याने हद्दपारीचा शब्द उच्चारायला तोंड उघडले, तेवढ्यात बोधिसत्त्व नावेतून म्हणाला, "महाराज, यांनी थाप एकदाच मारली. बाकीच्या हजार थापा आपण सगळ्यांनी मिळून मारल्या. बैलाची यांनी मारली नाही, एडक्याची यांनी मारली नाही. माझीही यांनी मारली नाही. सगळ्यांना हद्दपार केलंत तर नगरात छत्र धरायलाही कोणी उरणार नाही."

आधी कोणीतरी दबकत हसले. मग तेलीण हसली. मग तो सगळा घाट, जो एका माणसाचे मरण पाहायला आला होता, हसता हसता रडू लागला. राजाने तोंड मिटले आणि सुताराला दूर व्हायची खूण केली.

नीलकाचे घर राहिले, माठही राहिला. पिंगलाला एक वर्ष नावेत बसून पाणी वाचायला शिकण्याची आज्ञा झाली. पहिल्या महिन्यात तो दोनदा खडकावर आदळला, पुढे चांगला नावाडी झाला. आणि नीळआळीत त्यानंतर माठ बिघडला की थाप सोडीत नसत. गवळ्याच्या मुलीला बोलावीत.

शास्त्यांनी, म्हणजे भगवंतांनी, ही गोष्ट विहारात सांगितली ती एका सकाळी, काही भिक्षूंनी कावळा ओरडला म्हणून भिक्षेची वाट बदलली तेव्हा. गोष्ट संपवून ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आजचा आनंद. पिंगल म्हणजे कावळ्याचे ऐकून आज सर्वांत आधी मागे फिरला तो भिक्षू. नीलक रंगारी म्हणजे विहाराला चीवरे रंगवून देणारा गृहस्थ. अनुला म्हणजे त्याच्या घरची ही नवी उपासिका, जी तीन महिने मागच्या रांगेत बसते आहे आणि जिने अजून एकही प्रश्न विचारलेला नाही. आणि तो नावाडी मी होतो. जे आहे ते आहे तेवढेच पाहणे, आणि पाहिले तेवढे बोलून दाखवणे, ही सत्यपारमिता. मी त्या जन्मी ती तिच्यापाशी शिकलो."

भिक्षू वळून मागच्या रांगेकडे पाहू लागले. ती उपासिका लाजली, पण उठून उभी राहिली. "भगवन्," तिने विचारले, "पाण्यात उभी राहून ती नक्की काय बोलली, ते तुम्ही सांगितलं नाहीत."

शास्ते म्हणाले, "ती बोलली, 'नदी सरळच वाहते आहे. बिघडला होता तो आमच्या घरचा माठ. तो थंडीने बिघडला आणि कोंड्याच्या उबेने उठला. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले होते.'"